बेंबीखालची वाट

उत्सर्जनसंस्थेची आकृती आपण सर्वांनी कधी ना कधी फळ्यावर काढलेली आहे. वर घेवड्याच्या बियांसारखी दोन मूत्रपिंडे, त्यांतून खाली येणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या, आणि तळाशी एक पिशवी, म्हणजे मूत्राशय. आकृती बरोबरच आहे. पण तिच्यात एक गोष्ट दाखवता येत नाही. मूत्राशय एका जागी आणि एका आकाराचे कधीच नसते. रिकामे असताना ते चपटे होऊन समोरच्या जघनास्थीच्या मागे दडून बसते. ओटीपोटावर हात फिरवला तर आपला हात बेंबीपासून त्या हाडापर्यंत जातो. त्या हाडाच्या आड ते असते. भरू लागले की ते फुगत फुगत हाडाच्या वर डोके काढते आणि लघवी पूर्ण अडली तर पार बेंबीपर्यंत पोहोचते. पुढे जी हकीकत सांगायची आहे ती सारी या एका हालचालीभोवती फिरते.

ज्यांना नैसर्गिक मार्गाने लघवी करता येत नाही त्यांना नळी घालावी लागते, हे आपण जाणतो. वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, आकसलेला मूत्रमार्ग, पाठीच्या कण्याला झालेली इजा अशी कारणे अनेक आहेत. बहुतेक वेळा ही नळी मूत्रमार्गातूनच आत सरकवतात. पण तो मार्ग बंद असेल, किंवा नळी महिनोन्‌महिने, कायमचीच ठेवायची असेल, तर बेंबीच्या खाली, जघनास्थीच्या वर दोन बोटे एक लहानसे भोक पाडून नळी थेट मूत्राशयात घालतात. हिला सुप्राप्यूबिक कॅथेटर म्हणतात. नाव भारदस्त असले तरी अर्थ साधा आहे : हाडाच्या वरची नळी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मामांना अशी नळी घातली. मामा पारनेर तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. प्रोस्टेटमुळे लघवी अडली होती, हृदयाच्या दुखण्यामुळे मोठी शस्त्रक्रिया करण्याजोगी नव्हती. एका रुग्णालयात अर्ध्या तासात काम झाले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडले. नळी कशी सांभाळायची, याबद्दल कागदाचा एक कपटाही कोणी हाती दिला नाही. तीन आठवड्यांनी रात्री साडेनऊच्या सुमारास मामींचा फोन आला. "अरे, पलंगाच्या कडेला पिशवी अडकली आणि नळीच निघून आलीय बाहेर. दुखत नाही म्हणतात. रक्तही फार नाही. सकाळच्या गाडीने गेलो तर चालेल का?" आम्ही रसायनशास्त्रात संशोधन करणारे; डॉक्टर नव्हे. आम्हाला वाटले, पोटाला भोक आहेच, ते कुठे जाते? सकाळी जा, असे आम्ही सांगितले. सकाळी अकराला रुग्णालयात पोहोचेपर्यंत भोक मिटले होते, मूत्राशय तट्ट फुगले होते, आणि मामांना ते सारे पुन्हा सोसावे लागले.

आमचा तो सल्ला चुकीचा होता. पण तो का चुकीचा होता हे शोधायला निघालो तेव्हा एक गंमतीची गोष्ट हाती लागली. मूत्राशयाला पाडलेले भोक मिटणारच नाही, अशी भीती वैद्यांना सुमारे दोन हजार वर्षे होती. ते इतक्या लवकर मिटते, हे माहीत नसल्यामुळे आज रुग्णांचे हाल होतात.

ही भीती जुनी आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत मूत्राशयाची जखम मेंदू आणि हृदयाच्या जखमांच्या पंगतीला बसवून प्राणघातक ठरवली आहे. त्याच्याच नावाने चालत आलेल्या शपथेत मुतखड्यावर शस्त्र न चालवण्याचे वचन वैद्याने द्यायचे असते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने बस्ती, म्हणजे मूत्राशय, हे मर्मस्थान मानले. खाली तोंड असलेल्या भोपळ्यासारखा त्याचा आकार आहे, असे तेथे वर्णन आहे. सुश्रुताचे निरीक्षण मात्र ग्रीकांहून बारीक आहे. बस्ती दोन्ही बाजूंनी भेदली गेली तर रोगी वाचत नाही. एकाच बाजूने भेदली गेली तर मूत्र झिरपणारी जखम होते आणि प्रयत्नांनी ती भरून येते, असे तो म्हणतो. मुतखडा काढण्यासाठी केलेली जखम त्याने या मर्माच्या नियमाला अपवाद मानली आहे. त्याची शस्त्रक्रिया खालून होती : गुदद्वाराच्या पुढे, मध्यरेषेच्या डाव्या बाजूला, यवाएवढे अंतर सोडून छेद. शस्त्रक्रियेआधी राजाची परवानगी घ्यावी, असेही त्याने लिहून ठेवले आहे. यावरून धोका किती होता याची कल्पना येते.

युरोपातही शतकानुशतके वैद्य खालूनच जात राहिले. वरून का नाही? वरून मूत्राशय तर हाताला लागते. याचे कारण पर्युदर. पोटातील आतड्यांना वेढणारे हे पातळ, ओलसर आवरण मूत्राशयाच्या माथ्यावर एखाद्या ओल्या पंचासारखे पसरलेले असते आणि पोटाच्या समोरच्या भिंतीला आतून चिकटलेले असते. वरून सुरी घातली तर आधी पर्युदर फाटायचे, त्यामागे आतडे असायचे, आणि जंतूंची माहिती नसलेल्या त्या काळात पर्युदर फाटणे म्हणजे बहुधा मृत्यूच.

ही कोंडी पहिल्यांदा फुटली ती चुकून. पिएर फ्रांको हा सोळाव्या शतकातील फिरता शस्त्रवैद्य. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी त्याने दोन वर्षांच्या सुमाराच्या एका मुलाचा मुतखडा काढायला घेतला. खडा कोंबडीच्या अंड्याएवढा होता, खालच्या वाटेने काही केल्या येईना. आईबाप हट्टाला पेटले. शेवटी फ्रांकोने ओटीपोटावर हाडाच्या वर छेद घेऊन खडा बाहेर काढला. मुलगा वाचला. १५६१ साली फ्रांकोने ही हकीकत छापली आणि सोबत बजावले की माझे अनुकरण कोणी करू नये. त्याचा प्रामाणिकपणा आम्हाला त्याच्या धाडसापेक्षा मोठा वाटतो. आपण यशस्वी का झालो हे आपल्याला कळलेले नाही, याची त्याला जाण होती.

आज ते आपल्याला कळते. लहान मुलाचे कटीर इतके अरुंद असते की मूत्राशयाला तेथे जागा पुरत नाही. ते रिकामे असतानाही बरेचसे पोटातच असते. म्हणजे फ्रांकोच्या रोग्याचे मूत्राशय मुळातच वर होते. मोठ्या माणसात ते वर आणायचे असेल तर ते भरले पाहिजे. येथे शिक्षकांना वर्गात करून दाखवता येण्याजोगा एक प्रयोग सुचतो. काचेच्या रुंद बरणीच्या तळाशी, काचेला लागून, रबरी नळीला बांधलेला एक फुगा ठेवा. त्यावर प्लास्टिकचा पातळ ओला कागद असा पसरा की त्याची कड काचेला चिकटेल. आता नळीतून फुग्यात पाणी सोडा. फुगा वर येताना कागदाची कड काचेपासून सोलत वर नेतो, आणि जेथे आधी काचेला कागद चिकटला होता तेथे आता फुगा स्वतः काचेला टेकतो. भरलेले मूत्राशय पर्युदराच्या बाबतीत हेच करते. ते आवरण वर ढकलले जाते, त्याबरोबर आतडीही वर जातात, आणि हाडाच्या वर दोन-तीन बोटांचा असा एक पट्टा मोकळा होतो की तेथून आत शिरले तर त्वचा, चरबी, स्नायूंचे कठीण पटल आणि थेट मूत्राशय. मध्ये दुसरे काही नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये ही गोष्ट ध्यानात आली. जेम्स डग्लस हा शरीररचनाशास्त्रज्ञ पर्युदराचा अभ्यासक होता. आजही पर्युदराच्या एका खोलगट भागाला त्याचे नाव आहे. त्याचा भाऊ जॉन हा शस्त्रवैद्य. एकाने रचना पाहिली, दुसऱ्याने तिचा उपयोग केला. जॉन डग्लसने १७१९ च्या सुमारास मूत्राशयात पाणी भरून वरून मुतखडे काढायला सुरुवात केली आणि १७२० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पाठोपाठ विल्यम चेसेल्डनने १७२३ मध्ये या 'उंच' शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. पण त्यानेच काही वर्षांत ती सोडून दिली आणि तो पुन्हा खालच्या वाटेने जाऊ लागला. भूल नव्हती. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाचे मूत्राशय पाण्याने ताणायचे, तर कधी ते फाटे, कधी पर्युदर उघडे पडे. तत्त्व बरोबर होते, पण ते वापरण्याची साधने अजून शंभर-सव्वाशे वर्षे दूर होती. पॅरिसमध्ये फ्रेर कोम या साधूने बाण दडवलेली एक वाकडी नळी तयार केली होती. ती मूत्रमार्गातून आत घालून तिचे टोक आतून पोटाच्या भिंतीकडे वळवायचे आणि बाण बाहेर काढून वाट दाखवायची, अशी ती युक्ती. त्याचे पुस्तक १७७९ चे. हे तंत्रही मोजक्यांच्याच हातात राहिले.

या इतिहासाचा एक धागा आपल्या प्रांतातून जातो. १८५८ मध्ये लंडनला 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हा विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील आकृत्या काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. कॉलेजच्या संग्रहालयात जमा झालेल्या मुतखड्यांची त्याने तपासणी केली, त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि १८७३ मध्ये मुतखड्यांची सूक्ष्म रचना आणि त्यांची घडण यांवर ग्रंथ लिहिला. खडा म्हणजे नुसता क्षारांचा ढीग नसून चिकट सेंद्रिय द्रव्यात स्फटिक बसत बसत तो थरांनी वाढतो, हे त्याच्या अभ्यासाचे सूत्र. मामांच्या नळीचा विचार करताना आम्हाला कार्टरची आठवण का झाली ते पुढे येईलच. तिकडे होळकरांच्या इंदूरला रेसिडेन्सी सर्जन असलेला कीगन १८८० च्या दशकात लहान मुलांचे मुतखडे आतल्या आत चुरून मूत्रमार्गानेच काढू लागला, आणि छेद घेण्याची गरजच पुष्कळ कमी झाली. उत्तर हिंदुस्थानात अशाच कामात नाव मिळवलेला फ्रेयर निवृत्तीनंतर लंडनला गेला. त्याने १९०० साली वरच्या वाटेने प्रोस्टेट काढण्याची आपली शस्त्रक्रिया सुरू केली आणि जखमेत रबराची जाड नळी ठेवली. तोपर्यंत भूल आली होती, लिस्टरची जंतुनाशक पद्धत रुळली होती, आणि वरची वाट निर्धोक झाली होती.

आता प्रश्न उरला नळीचा. चांदीची नळी आत राहत नाही, बोचते. गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केले आणि १८६० मध्ये नेलातोंने मऊ लाल रबराची नळी केली. ती सुखाची होती, पण निसटायची. टोकाला पंख किंवा टोपी असलेल्या नळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मालेको आणि द पेझे यांनी केल्या. शेवटी अमेरिकेतील फ्रेडरिक फोली याने नळीच्या टोकाशी एक फुगा बसवला. आत गेल्यावर तो पाण्याने फुगवायचा, म्हणजे नळी मागे सरकत नाही. मुळात हा फुगा त्याने प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दाबून थांबवण्यासाठी योजला होता! १९३५ मध्ये त्याने ही नळी आपल्या व्यवसायबंधूंना दाखवली. पेटंट मात्र दुसऱ्याच्या नावे गेले. नाव तेवढे फोलीचे राहिले. मामांच्या नळीवर '१६' असा आकडा होता. तो पॅरिसच्या शार्यिएर नावाच्या उपकरणे बनवणाऱ्याच्या मापाचा आहे. या मापात तीन म्हणजे एक मिलिमीटर व्यास. तेव्हा १६ म्हणजे सुमारे ५.३ मिलिमीटर, साध्या पेन्सिलीहून बारीक. हा आकडा घरात लिहून ठेवावा, कारण बदलायची नळी त्याच मापाची लागते.

पण नळी असली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही, हे दोन महायुद्धांनी दाखवले. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले, आणि ते गोळीने नव्हे तर पाठीवरच्या जखमा व मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांनी. दुसऱ्या महायुद्धात एरिक रिचेस या इंग्रज शस्त्रवैद्याने अशा सैनिकांना लवकर, नेटकी, वरच्या वाटेची नळी घालावी, असे १९४३ मध्ये मांडले. १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथे केंद्र सुरू करणारा लुडविग गुटमान नेमका उलट मताचा होता. कायमची नळीच नको, दर काही तासांनी निर्जंतुक नळी मूत्रमार्गातून घालून लगेच काढावी, असा त्याचा आग्रह. १९७२ मध्ये अमेरिकेत लापिडीसने दाखवले की ती निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली, तरी चालते, आणि रुग्ण स्वतः ती घालू शकतो. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. ज्याचे हात चालतात आणि मूत्रमार्ग मोकळा आहे त्याला ही अधूनमधूनची नळी बहुधा अधिक चांगली. इतरांना वरची. डॉक्टरांनी सुप्राप्यूबिक नळी सुचवली तर 'दुसरा उपाय आहे का?' असे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. गुटमानच्याच केंद्रातून अपंगांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. १९७२ साली त्या हायडेलबर्गला भरल्या असता, १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हरकत नाही. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला अशा सैनिकांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे.

आता आजची पद्धत. सुईने जागा बधिर करतात. मूत्राशयात निदान ३०० मिलिलिटर द्रव असावे लागते, म्हणून लघवी न करता यायला सांगतात किंवा असलेल्या नळीतून पाणी भरतात. डग्लसबंधूंनी हेरलेला नियम तो हाच. सोनोग्राफीवर आतडे मध्ये नाही ना ते पाहतात, बारीक सुईने लघवी खेचून खात्री करतात, आणि मग भोक पाडून नळी सरकवतात. फुग्यात साधारण १० मिलिलिटर निर्जंतुक शुद्ध पाणी भरतात. सलाइन भरत नाहीत, कारण त्यातील मीठ स्फटिक होऊन फुग्याची बारीक वाट बुजवू शकते आणि मग फुगा रिकामा होत नाही. धोका उरतोच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१९ रुग्णांच्या एका ब्रिटिश पाहणीत आतड्याला इजा होण्याचे प्रमाण सुमारे २.४ टक्के होते, आणि २००९ मध्ये तेथील रुग्णसुरक्षा यंत्रणेने सोनोग्राफीचा वापर करावा असा इशारा दिला. ज्यांच्या ओटीपोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांचे आतडे आतून चिकटलेले असू शकते. फुगा कितीही भरला तरी तो कागद सोलला जात नाही. म्हणून जुनी शस्त्रक्रिया, रक्त पातळ ठेवण्याची गोळी, किंवा मूत्राशयाचा कर्करोग, यांतले काहीही असेल तर ते न विचारता सांगावे. नळी घातल्यावर पोट वाढत्या प्रमाणात दुखू लागले, फुगले, उलटी किंवा ताप आला तर त्याच दिवशी परत जावे.

आणि आता भोकाची गोष्ट. मूत्राशयाची भिंत स्नायूंची आहे. नळी निघाली की ते स्नायू आकसतात, आतील अस्तर झपाट्याने वाढते, पोटाचे थर एकमेकांवर सरकतात आणि वाट बुजते. पूर्वीच्या जखमा भरत नसत त्याला कारणे वेगळी होती : जंतूंनी सडलेल्या कडा, आणि पुढे मूत्रमार्ग अडलेला असल्याने भोकातूनच सतत वाहणारे मूत्र. स्वच्छ आणि बारीक भोकाला यांतले पहिले कारण लागू होत नाही. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत तर नळीभोवती पक्की वाट तयारही झालेली नसते. या काळात नळी निघाली तर ती घरी पुन्हा घालण्याचा प्रयत्न करू नये. स्वच्छ फडके लावावे आणि त्याच क्षणी रुग्णालयाकडे निघावे, रात्र असली तरी. वाट जुनी झाल्यावरही ती काही तासांत, कधी तासाभरातही, आखडू लागते. मात्र तेव्हा शिकवलेल्या माणसाला घरी ठेवलेली नवी नळी लगेच घालता येते. म्हणून पहिली बदली डॉक्टरांकडे, साधारण सहा ते बारा आठवड्यांनी. पुढच्या बदल्या डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे चार ते बारा आठवड्यांनी. याच गुणधर्माची चांगली बाजू अशी की नळीची गरज संपली तर ती काढून टाकली की पुरे. भोक शिवावे लागत नाही.

नळी बंद पडणे ही दुसरी अडचण, आणि येथे कार्टरचे स्फटिक पुन्हा भेटतात. नळी दीर्घकाळ असली की तिच्यात जंतू वस्ती करतातच. चिकट थर करून राहतात. त्यांतील प्रोटियस जातीचे जंतू युरिएज हे विकर तयार करतात. ते युरियाचे विघटन करून अमोनिया सोडते, मूत्र आम्लधर्मीचे अल्कधर्मी होते, आणि त्यात विरघळलेली मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची फॉस्फेटे खाली बसू लागतात. चिकट सेंद्रिय थर आणि त्यात बसणारे स्फटिक. मुतखडाच तो, फक्त नळीच्या भोकात वाढणारा. म्हणून पाणी भरपूर प्यावे. आमच्या दुष्काळी टापूत शेतावर गेलेला माणूस दिवसभरात तांब्याभर पाणी पितो आणि 'पिशवी भरते' म्हणून नळीवाला त्याहून कमी पितो. हे उलट आहे. नळीत जंतू सापडले एवढ्यावरून प्रतिजैविके घेऊ नयेत. ती ताप, थंडी, ओटीपोटात वेदना अशी लक्षणे असतील तेव्हाच. उगाच घेतली तर चिवट जंतू मागे राहतात.

लघवी थांबली असे वाटले तर आधी नळीला पीळ पडला आहे का, पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर आहे का, ते पाहावे. बद्धकोष्ठ असेल तर भरलेले मलाशयही नळी दाबते. तरीही दोन-तीन तासांत थेंब नाही आणि ओटीपोट दुखते, फुगते, तर ती तातडीची वेळ समजावी. ज्यांच्या मज्जारज्जूला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा आहे त्यांनी अधिक सावध असावे. मूत्राशय तुंबले तर त्यांचा रक्तदाब एकाएकी धोकादायक चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. त्यांना झोपवू नये, बसते करावे आणि अडलेली लघवी ताबडतोब मोकळी करावी. बाकी रोजचे जगणे अवघड नाही. भोक भरून आले की साबण-पाण्याने आंघोळ करता येते, पिशवी कपड्याच्या आत मांडीला बांधून बाजारात जाता येते. मूत्रमार्ग मोकळा असल्याने पतिपत्नींच्या संबंधांना आडकाठी नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण कोणी विचारत नाही.

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे : १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. लोणीला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगर शहरात रुग्णालये आहेत. पण अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून रात्री निघणाऱ्याला घड्याळ पुरत नाही. याच जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवायला सुरुवात केली. बाळंतपणे, लसी, जखमा, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा या स्त्रियांनी पेलली. १९७९ मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशी कामे ज्यांना शिकवता आली तेथे नळी सांभाळणे शिकवणे काही अवघड नाही. अर्ध्या तासात घातलेली नळी पुढे वर्षानुवर्षे घरच्या माणसांच्या हातात असते.

मामींना दुसऱ्या वेळी एका परिचारिकेने सारे दाखवून दिले. आता मामांच्या पलंगामागे भिंतीवर एक पुठ्ठा लावलेला आहे. आठवीतल्या नातीने त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : माप १६, फुगा १० मिलि, नळी घातल्याची तारीख, बदलण्याची तारीख, रुग्णालयाचा आणि गाडीवाल्याचा फोन. खाली तिने एक आकृती काढली आहे. तिच्यात मूत्राशय भरलेले आहे.